सर्वस्व गमावल्याशिवाय व्यसन सुटत नाही, हे खरे आहे का?

किनारा (धागाकर्ता)

व्यसनाविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘त्याला स्वतःला सोडावीशी वाटल्याशिवाय काही उपयोग नाही, पुरता उद्ध्वस्त झाला की आपोआप डोळे उघडतील.’ नातेवाईक हे बोलतात, शेजारी बोलतात, क्वचित उपचार करणारेही बोलतात. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी चालणाऱ्या एका आधारगटात मी बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो आहे. या एका समजुतीपायी जितक्या घरांची वर्षे वाया गेलेली पाहिली, तितकी अन्य कोणत्याही कारणाने गेलेली पाहिली नाहीत. म्हणून हा धागा.

आधी नुकसानाच्या आवाक्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यपानामुळे आणि सुमारे ६ लाख मृत्यू अमली पदार्थांमुळे झाले. त्याच अहवालातला एक लहान आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. मद्यपानाशी निगडित रस्ते अपघातांत त्या वर्षी सुमारे २ लाख ९८ हजार माणसे दगावली आणि त्यांपैकी १ लाख ५६ हजार जणांचा जीव दुसऱ्या कोणाच्या तरी पिण्यामुळे गेला. निम्म्याहून अधिक. ‘मी माझ्या पैशाने पितो, माझ्या शरीराचे मी बघून घेईन’ असे म्हणणाऱ्याला या आकड्यापुढे काही उत्तर उरत नाही.

पण मृत्यू निदान मोजले जातात. ज्या घरात व्यसन आहे त्या घरातली माणसे आपले आयुष्य त्या व्यसनाभोवती कसे बेतत जातात, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. पत्नी कामाच्या ठिकाणी फोन करून ‘त्यांना ताप आहे’ असे सांगते. आई थकलेली उसनवारी गुपचूप फेडते. भाऊ अपघाताची भरपाई देऊन प्रकरण मिटवतो. मुले मित्रांना घरी बोलावणे बंद करतात आणि त्याचे कारण कोणालाही सांगत नाहीत. यातली प्रत्येक कृती मायेपोटी किंवा भीतीपोटी केलेली असते आणि तिच्यासाठी कोणाला बोल लावणे अन्यायाचे आहे. तरीही या सगळ्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, बाहेरच्यांना काही कळत नाही आणि मदत जिथून येऊ शकली असती त्या सगळ्या वाटा घरातलीच माणसे आपल्या हातांनी बंद करून बसतात.

अशा घराला ‘तो उद्ध्वस्त होईपर्यंत थांबा’ असे सांगणे म्हणजे नक्की काय सांगणे? व्यसनातून बाहेर पडायला जे लागते, म्हणजे बऱ्यापैकी शरीर, हाताला काम, डोक्यावर छप्पर आणि अजून बोलायला तयार असलेली दोन माणसे, तेच सगळे संपण्याची वाट पाहायची आणि मग त्याने उभे राहावे अशी अपेक्षा करायची. बरीच माणसे त्या तळापर्यंत पोहोचतात ती परत येण्यासाठी नव्हे. ती तिथेच संपतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या २०२४ च्या अहवालात म्हटले आहे की अमली पदार्थांच्या वापराने विकार जडलेल्या सुमारे ६ कोटी ४० लाख लोकांपैकी अकरातील एकालाच उपचार मिळतात. उरलेले दहा जण ‘अजून तळ गाठलेला नाही’ म्हणून थांबलेले आहेत असे कोणी म्हणणार असेल, तर मला ते मान्य नाही.

थांबण्याला पर्याय आहे आणि तो तपासून पाहिलेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांसाठी ‘क्राफ्ट’ नावाची प्रशिक्षणपद्धत विकसित केली. उपचाराला साफ नकार देणाऱ्या मद्यपींच्या नातेवाइकांवर केलेला तिचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नातेवाइकांचे तीन गट होते. पहिल्या गटाला हे प्रशिक्षण दिले गेले. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून व्यसनी व्यक्तीला अचानक घेरून जाब विचारण्याची तयारी करून दिली गेली. तिसऱ्याला अलिप्त राहून स्वतःला सावरायला शिकवले गेले. ‘क्राफ्ट’ शिकलेल्यांपैकी ६४ टक्के कुटुंबांतील व्यसनी व्यक्ती उपचाराला आली, घेरण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते आणि अलिप्ततेच्या गटात १३ टक्के. तिसऱ्या गटाचा मुख्य हेतू नातेवाइकांना आधार देणे हा होता, त्यामुळे त्या पद्धतीला अपयशी ठरवण्याचे कारण नाही. परंतु जो स्वतःहून यायला तयार नव्हता, त्याला आणण्यात घरच्यांच्या वागण्यातील बदलाचा इतका मोठा वाटा असू शकतो, हे या आकड्यांतून दिसते.

या पद्धतीचे सार असे : तो शुद्धीत असताना त्याच्याशी चांगले वागायचे, वेळ द्यायचा, ज्यात त्याचा जीव रमतो अशा गोष्टींत सोबत करायची; तो पिऊन आला की भांडण न करता बाजूला व्हायचे; त्याच्या पिण्याचे परिणाम निस्तरायचे नाहीत; आणि तो स्वतः खचून बोलू लागेल त्या क्षणासाठी उपचाराचा पत्ता, वेळ, सोबत हे सगळे आधीच तयार ठेवायचे.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

सडेतोड

लेख मनापासून लिहिलेला आहे, परंतु त्याच्या रोखाशी मी सहमत नाही. घरच्यांनी आणखी किती करायचे? मार त्यांनी खायचा, कर्ज त्यांनी फेडायचे आणि आता प्रशिक्षणही त्यांनीच घ्यायचे. व्यसनाला आजार म्हटले की व्यसनी माणसाला सबब मिळते, हे मी जवळून पाहिले आहे. क्षयाचा रोगी खोकतो. तो कोणाचे दागिने विकत नाही. शिवाय कितीतरी माणसे एके दिवशी ठरवतात आणि कोणत्याही उपचाराशिवाय कायमची सोडतात. याचा अर्थ सोडणे माणसाच्या हातात असते. ज्याच्या हातात असूनही जो सोडत नाही, त्याला समाजाने दोष का देऊ नये?

मनोवैद्य

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग व्यसनोपचाराचा आहे. सडेतोड यांचा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक मला जवळजवळ रोज विचारतात, त्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

अनेक जण स्वतःहून सोडतात, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथे असताना साधारण पाचातील एक सैनिक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेला होता. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी अवघे ५ टक्के पुन्हा आहारी गेले, आणि बहुतेकांनी कोणताही उपचार घेतलेला नव्हता. पण हे केवळ मनोनिग्रहाचे फळ म्हणता येणार नाही. युद्धभूमी सुटली, तो पदार्थ सहज हाताशी राहिला नाही, घर, काम, नाती परत मिळाली. ज्याला अशी जागा मिळत नाही त्याचा निग्रह त्याच भोवतालाशी दररोज झुंजत राहतो. वय हाही मोठा भाग आहे. ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ मध्ये दाखवले की १५ वर्षांच्या आत प्यायला सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना पुढे कधी ना कधी मद्यावलंबित्व जडते, तर २० वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के असते. मोह आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

आता ‘हातात असणे’ याविषयी. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूवर मद्याचा दाब सतत असतो आणि तो तोलण्यासाठी मेंदू स्वतःला अधिकाधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. मद्य एकाएकी बंद झाले की दाब जातो आणि उत्तेजना तेवढी उरते. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, म्हणजे भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप आणि नाडी बेफाम होणे. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येतो. म्हणून इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो : अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून किंवा घरातल्या सगळ्या बाटल्या ओतून देऊन दारू सोडवायला जाऊ नका. विशेषतः पूर्वी कधी फिट आली असेल तर मुळीच नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी हे दिवस पुष्कळ सुरक्षितपणे पार पडतात. अशा रुग्णात जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायमिन फार कमी झालेले असते. ते न देता केवळ ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे रुग्णालयात नेल्यावर पिण्याचा इतिहास लपवू नका. घरचे लोक लाजेने नेमके तेच लपवतात आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी रुग्ण बरळू लागल्यावर कळते.

आणखी एक. डायसल्फिरामची गोळी जेवणात गुपचूप मिसळण्याचा सल्ला आजही दिला जातो. ही गोळी मद्याचे शरीरात होणारे विघटन अर्ध्यावर अडवते, त्यामुळे अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचून चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात. ज्याला ती घेतल्याचे माहीतच नाही असा माणूस नेहमीप्रमाणे पितो आणि प्राणावर बेततो. गोळीचा परिणाम बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ती रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. नालट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत, तरी त्यांचे नावही न ऐकलेले रुग्ण माझ्याकडे येतात.

जबाबदारीविषयी माझे मत सांगतो. मधुमेही माणसाला आजार झाल्याबद्दल कोणी दोष देत नाही, पण औषध घेण्याची जबाबदारी त्याचीच असते. व्यसनातही तेच. केलेली चोरी किंवा मारहाण आजारामुळे माफ होत नाही. मात्र नुसत्या दोषाने कोणी बरा झाल्याचे मी पाहिलेले नाही.

उंबरठा

मी मद्यपी वडिलांची मुलगी आहे. सडेतोड यांचा राग मला समजतो, कारण तो माझ्याही मनात होता आणि काही अंशी आजही आहे.

मोठ्यांच्या चर्चेत मुलांचा उल्लेख ‘मुलांवर परिणाम होतो’ इतकाच येतो, म्हणून तो परिणाम कसा असतो ते लिहिते. मी शाळेत अतिशय शहाणी मुलगी म्हणून ओळखली जात होते. वेळेवर गृहपाठ, धाकट्या भावाचा अभ्यास, आईची समजूत. एकाही शिक्षकाला शंका आली नाही, कारण त्रास देणाऱ्या मुलाकडे लक्ष जाते, गप्प राहून सगळे सांभाळणाऱ्या मुलाचे कौतुक होते. माझा भाऊ मात्र चिडका आणि भांडखोर होता आणि त्याला सतत शिक्षा होत असे. आम्ही दोघे एकाच गोष्टीला दोन तऱ्हांनी सामोरे जात होतो. वडील वाईट होते असे मी म्हणणार नाही. न प्यायलेले वडील फार प्रेमळ होते आणि त्यामुळेच सगळे अधिक अवघड होते. एकाच माणसाची वाट पाहायची आणि त्याच माणसाला घाबरायचे, हे मूल कोणाला समजावून सांगणार? चांगले गुण मिळवले तर ते पिणार नाहीत, असे मला कित्येक वर्षे वाटत असे.

पुढे मी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा अभ्यास वाचला. घरात व्यसनी व्यक्ती असणे हा त्यांनी मोजलेल्या अनुभवांपैकी एक आहे. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आले, त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव न आलेल्यांपेक्षा चार ते बारा पट आढळला. पुढच्या पिढीचा व्यसनी माणूस याच पिढीच्या घरात तयार होत असतो, आणि ‘तो सुधारेल तेव्हा सुधारेल’ असे म्हणत थांबणारे लोक या घड्याळाकडे पाहत नाहीत.

मला हवी होती ती फक्त तीन वाक्ये, कोणा तरी मोठ्या माणसाकडून : हे तुझ्यामुळे झालेले नाही, तू ते थांबवू शकत नाहीस, आणि याबद्दल माझ्याशी बोललेले चालेल. ती सांगायला वडिलांची दारू सुटण्याची गरज नव्हती.

मोजपट्टी

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे मला चर्चेचा एक राहिलेला भाग पुढे आणावासा वाटतो. घर आणि दवाखाना यांच्या पलीकडे जे ठरते, त्याने किती माणसे व्यसनापर्यंत पोहोचतील हे ठरते.

बंदी हा सर्वांत आधी सुचणारा उपाय आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात राष्ट्रीय दारूबंदी होती. सुरुवातीला मद्यपान आणि यकृताच्या सिऱ्होसिसचे (यकृत कायमचे निकामी होत जाण्याच्या आजाराचे) मृत्यू दोन्ही खरोखर घटले, हे बंदीचे विरोधक सांगत नाहीत. आणि नंतर चोरट्या व्यापाराच्या टोळ्या फोफावल्या, औद्योगिक अल्कोहोलमधल्या मिथेनॉलने लोक आंधळे झाले, मेले, हे बंदीचे समर्थक सांगत नाहीत. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांनी १९८५ मध्ये मद्यविरोधी मोहीम काढली. रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान जवळपास ६२ वर्षांवरून दोन-तीन वर्षांत ६५ च्या आसपास गेले. इतका वेगवान फरक औषधांनीही क्वचित पडतो. पण घरोघरी हातभट्टी सुरू झाली, बाजारातून साखर नाहीशी झाली, महसूल बुडाला आणि मोहीम गुंडाळली गेली. १९९४ पर्यंत हे आयुर्मान ५८ च्याही खाली घसरले. त्या घसरणीत राज्यव्यवस्था कोसळल्याचाही मोठा हात होता, पण मद्य हे तिचे एक ठळक कारण होते. मी यातून असा अर्थ घेतो की उपलब्धता कमी करण्याने जीव वाचतात, परंतु लोकांना सोबत न घेता एका रात्रीत लादलेली कपात टिकत नाही.

टिकणारे उपाय कंटाळवाणे वाटतात. स्कॉटलंडने २०१८ मध्ये मद्याच्या प्रत्येक एककाला, म्हणजे त्यातील शुद्ध अल्कोहोलच्या ठरावीक मापाला, किमान किंमत ठरवून दिली, म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक दारू महाग झाली. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मूल्यमापनानुसार निव्वळ मद्यामुळे होणारे मृत्यू या धोरणामुळे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. आइसलंडचे उदाहरण तर प्रत्येक पालकाने वाचावे. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारूच्या नशेत असल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. भाषणे आणि भीतीदायक चित्रे यांवर तिथे भर नव्हता. मुलांना खेळ, संगीत, कला यांसाठी सार्वजनिक खर्चातून संधी मिळाली, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर निर्बंध आले, पालकांनी एकमेकांशी करार केले आणि दरवर्षी शाळाशाळांतून सर्वेक्षण करून त्याचे निकाल त्याच भागातल्या पालकांपुढे ठेवले गेले.

अमली पदार्थांबाबत पोर्तुगालचे नाव नेहमी निघते. २००१ पासून तिथे स्वतःपुरता साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. सापडलेली व्यक्ती न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जाते आणि तिथून उपचारांकडे वळवली जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये गुन्हा काढून टाकला, पण उपचारांची यंत्रणा वेळेत उभी राहिली नाही, आणि २०२४ मध्ये बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. शिक्षा हटवणे हा अर्धा निर्णय आहे. उरलेला अर्धा खर्चिक असतो आणि तिथेच सरकारे हात आखडतात.

औषधकंपन्यांचाही हिशेब व्हायला हवा. पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक बाजारात आणले, त्याची सवय लागण्याचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांना पटवले आणि २००७ मध्ये दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून व्यसनाच्या आहारी गेले होते. त्यांना ‘तुम्ही का सुरू केलेत’ असे विचारणाऱ्याने उत्तरही ऐकून घ्यावे.

नवी_पालवी

मी दारू सोडून बराच काळ झाला आहे. उद्ध्वस्त होण्याविषयी माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. माझी नोकरी गेली तेव्हा मी सोडली नाही, जास्त प्यायलो, कारण आता सकाळी उठण्याचेही कारण उरले नव्हते. यकृताला सूज आहे हे कळले त्या संध्याकाळीही प्यायलो. मी उपचाराला गेलो तो एका साध्या दिवशी. माझी बहीण शांतपणे म्हणाली, ‘तुझ्यासाठी खोटे बोलणे मी थांबवले आहे, पण तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायला मी केव्हाही तयार आहे.’ या वाक्याचे दोन्ही भाग लागू पडले. फक्त पहिला भाग मला अनेकांनी ऐकवला होता आणि फक्त दुसऱ्याचा मी फायदा घेतला होता.

मध्ये मी घसरलोही. आमच्या गटात, म्हणजे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या धर्तीवर चालणाऱ्या सभेत, मी परत गेलो तेव्हा कोणीही जाब विचारला नाही. फक्त खुर्ची पुढे केली. घरी मात्र ‘शेवटी जे व्हायचे तेच झाले’ असे शब्द कानावर आले. घसरण झाली म्हणजे आधीचे सगळे फुकट गेले असे घरच्यांनी मानू नये, ही विनंती. रक्तदाबाचा रुग्ण औषध चुकवतो तेव्हा आपण उपचारच निरर्थक ठरवत नाही.

सावली_उन्हाची

माझा मोठा भाऊ हेरॉइनच्या व्यसनावर उपचार घेऊन केंद्रातून परत येतो आहे. दोन महिने त्याने काहीही घेतलेले नाही. आम्ही सगळे आनंदात आहोत आणि तितकेच घाबरलेलेही आहोत. त्याच्यावर पहारा ठेवावा का? त्याच्या हाती पैसे द्यावेत का? वहिनी म्हणते की हा विषय आता घरात पुन्हा काढूच नये.

मनोवैद्य

ताई, विषय काढायलाच हवा, आणि पहिल्याच आठवड्यात. कारण असे की दोन महिन्यांच्या खंडानंतर त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली आहे. पूर्वी जी मात्रा त्याला जेमतेम पुरत होती, तीच आता त्याचा श्वास बंद पाडू शकते. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे असतात. हे त्याला धमकी म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगा. त्याच्या डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारख्या, हेरॉइनच्याच गटातल्या पण तलफ आवरणाऱ्या औषधांच्या दीर्घकालीन उपचाराविषयी विचारा. ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ असे कोणी म्हणेल, त्याकडे दुर्लक्ष करा. १९६० च्या दशकात व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर यांनी न्यूयॉर्कमध्ये मेथाडोनचा उपचार सुरू केल्यापासून आजवर जमलेला पुरावा सांगतो की या औषधांवर टिकणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी राहते. मिळत असेल तर नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनच्या अतिमात्रेवरचा उतारा, घरात ठेवा आणि ते कसे द्यायचे हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्या. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून जाग येत नाही, अशी चिन्हे दिसली तर झोपू द्या म्हणून सोडू नका. नालोक्सोन द्या, रुग्णवाहिका बोलवा, कृत्रिम श्वास द्या. नालोक्सोनचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात ओसरू शकतो, त्यामुळे शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावेच लागते.

पैशांबाबत त्याच्याशी बसून ठरवा. त्याला विचारून केलेली व्यवस्था आणि त्याच्यापासून लपवलेली व्यवस्था यांत फार अंतर आहे.

सडेतोड

मनोवैद्य आणि उंबरठा यांचे लिखाण वाचून मी दोन दिवस विचार केला. जबाबदारी आणि आजार एकत्र नांदू शकतात, हे मला पटते आहे. एक प्रश्न मात्र उरतोच. ज्या घरात मारहाण होते त्या बाईला ‘तो शुद्धीत असताना प्रेमाने वागा’ असे आपण खरोखर सांगणार आहोत का?

किनारा (धागाकर्ता)

नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण मूळ लेखात ही गोष्ट स्पष्टपणे यायला हवी. ‘क्राफ्ट’मध्येही पहिला भाग सुरक्षिततेचाच असतो. जिथे हिंसा आहे तिथे आधी बाहेर पडण्याची तयारी करायची : ओळखपत्रे आणि थोडे पैसे घराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे ठेवणे, कोणाकडे जायचे हे मुलांना माहीत असणे, मारहाणीची पूर्वचिन्हे ओळखून त्याआधीच घर सोडणे, आणि पोलीस व वकील यांची मदत घेण्यात संकोच न बाळगणे. तिचे घर सोडून जाणे ही उपचाराला दिलेली पाठ नव्हे. वेगळे राहूनही ‘तू दवाखान्यात जाणार असशील त्या दिवशी मला कळव’ असा निरोप देता येतो. आणि तिला तोही द्यावासा वाटत नसेल तर तो तिचा निर्णय आहे, त्यात आपण कोणी बोलू नये.

सावली_उन्हाची, वहिनींना आधारगटाच्या एखाद्या बैठकीला घेऊन जा. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल्-अॅनॉन १९५१ पासून आहे, अमली पदार्थांचे व्यसन असलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीही तसेच गट चालतात. तिथे पहिल्या दिवशी काही बोलावे लागत नाही. आणि भाऊ घरी येण्याआधी डॉक्टरांची पुढची भेट ठरवून ठेवा. केंद्रातून निघताना ‘बघू, सवडीने जाऊ’ असे म्हटलेली भेट बहुतेक वेळा होत नाही, हे मी गटात वारंवार पाहिले आहे. तारीख, वेळ आणि सोबत कोण जाणार हे तिन्ही त्याच्यासमोर कागदावर लिहा. तो एखाद्या रात्री अस्वस्थ होऊन ‘मला पुन्हा भीती वाटते आहे’ असे म्हणालाच, तर कोणाला फोन करायचा हे शोधण्यात ती रात्र जाऊ नये, म्हणून तो क्रमांकही त्याच कागदावर असू द्या.